बिनखड्ड्याचा माग

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की आधी एक मोठा उसासा टाकतात. मी टाकणार नाही. मी माग आहे, कापड विणायचा. वय झालंय माझं. मागच्या एका पायाला वाळवीनं चाखून पाहिलं होतं, पण अस्सल सागवान आहे म्हटल्यावर तिनंही नाद सोडला. उसासे टाकायला मला तेव्हा सवड नव्हती आणि आजही नाही.

माझा जन्म हैदराबादेतल्या एका सरकारी कारखान्यातला. जर्मनीची पहिली लढाई संपून दोनतीन वर्षं झाली होती. निजाम सरकारच्या मुलखात कापूस उदंड पिकायचा, पण गाठी बांधून बाहेर जायचा आणि गिरणीचं कापड होऊन परत यायचा. आपल्याच शेतातलं बोंड पाहुणं बनून बाजारात बसायचं आणि आपल्याच माणसांना ते जास्त देखणं वाटायचं. गावोगावचे विणकर माग मोडून सोलापूरच्या गिरण्यांत चालले होते. सरकारला काळजी पडली. बुडता धंदा वर काढायचा तर विणकराच्या हाती नवं हत्यार द्यावं, असं वरच्या लोकांनी ठरवलं आणि त्यातून आम्ही जन्माला आलो, मी आणि माझी भावंडं. सुतारानं रंधा मारला, लोहारानं पट्ट्या ठोकल्या, पायावर उर्दूत सरकारी छाप उठवला. मग जालन्यापर्यंत आगगाडीत आणि पुढं बैलगाडीत, गोदावरी ओलांडून, बीडचा घाट चढून मी नांदूरघाटला येऊन पोचलो. वाटेत माझी एक खुंटी पडली. ती कुणाच्या चुलीत गेली कुणास ठाऊक.

आता नांदूरघाटचे माग कसे होते ते ऐका, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. तिथले माग जमिनीत असत. घराच्या भुईत कमरेएवढा खड्डा. विणकर काठावर बसून आत पाय सोडणार, पायांनी पावड्या दाबणार आणि धोटा हातानं या कडेहून त्या कडेला फेकणार. धोटा म्हणजे आडवं सूत वाहून नेणारी छोटीशी लाकडी होडी. साळी गल्लीत हा खड्डा म्हणजे देव होता. दसऱ्याला त्यात दिवा ठेवत. आणि रीत अशी, की बाईमाणसानं खड्ड्यात पाय सोडू नये. सूत उकलावं बाईनं, सुताला खळ द्यावी बाईनं, धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरावं बाईनं. विणावं मात्र बाप्यानं. निम्म्याहून जास्त काम खड्ड्याबाहेर व्हायचं, पण देव आतच बसलेला.

मी मात्र चार पायांवर उभा. माझ्यावर बसायला फळी होती. धोटाही फेकावा लागत नव्हता. वरच्या दोरीला झटका दिला की तो आपला आपण धावायचा. हुसेनसाब मास्तर नावाचे सरकारी शिकवणारे माझ्याबरोबर आले होते. त्यांनी मला आसाराम साळ्याच्या ओसरीत उभं केलं आणि गल्ली गोळा झाली.

गल्लीचा म्होरक्या गहिनीनाथ. हा आसारामचा चुलता, मिशीला पीळ आणि बोलण्याला त्याहून जास्त. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"खड्डा कुठाय ह्याला?"

मास्तर म्हणाले, याला खड्डा लागत नाही.

"मग ह्यो माग न्हाई. पलंग हाय. सरकारनं आपल्याला निजायला धाडलाय बे."

गल्ली हसली. मित्रांनो, मला राग आला. पण लाकडानं राग दाखवायचा कसा? मास्तर फळीवर बसले, दोरी ओढली आणि माझा धोटा असा धावला की हसणारी तोंडं उघडी ती उघडीच राहिली. खड्ड्यातल्या मागावर सकाळपासून दुपारपर्यंत जेवढं विणून व्हायचं, तेवढं माझ्यावर न्याहारीच्या आत झालं. गहिनीनाथ तेवढा हटला नाही. पलंग जोरात कुरकुरतो म्हणून काय माग होतो का, असं म्हणून तो निघून गेला.

मास्तरांनी जाताना अट सांगितली. माग सरकारचा आहे. आसारामनं चालवावा. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येईन तेव्हा रिकामा दिसला तर उचलून माजलगावच्या विणकरांना देईन. आणि ओसरी सोडता सोडता एवढंच म्हणाले, "जमीन पे पानी मारते रहना, बाबा."

आता घोटाळा पाहा. खड्ड्याला आतून ओल असते, त्या ओलीनं सूत नरम राहतं. मला खड्डा नाही, म्हणून भुई शिंपत राहा, असं मास्तरांना सांगायचं होतं. पण साळी गल्लीत पाण्याचा विचार कधी कुणाला करावाच लागला नव्हता, तो खड्डाच करायचा. आसारामला वाटलं, सरकारी माणूस आपल्या घराच्या झाडलोटीला नावं ठेवून गेला. त्याची बायको चंद्रभागाबाई तर इतकी चिडली की दुसऱ्या दिवशी तिनं सगळी ओसरी शेणानं चोपून सारवली. त्या दिवशी माझं एकही सूत तुटलं नाही. पण रागावलेल्या माणसाचं लक्ष सुताकडं कुठून असणार?

पुढं उन्हाळा आला. कोरडा वारा सुटला. दोरीला झटका दिला की सूत तटकन तुटे. आसाराम गाठी मारून मारून कंटाळला आणि आपल्या खड्ड्याकडं परत गेला. माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या. एका कोंबडीनं माझ्या फळीवर अंडी घातली, आणि सुभद्राबाई, म्हणजे आसारामची आई, सगळ्यांना सांगू लागली की सरकारी मागाचं पहिलं उत्पन्न निघालं. खरं सांगतो, मित्रांनो, अडगळ होण्यात दुःख आहेच. पण अंड्यांखाली अडगळ होण्यात अपमानसुद्धा आहे.

खड्ड्यातल्या मागाची तरी कुठं चलती होती? बाजारात गिरणीचं धोतर स्वस्त आणि पांढरंशुभ्र. आसारामची लुगडी घडीवर घडी पडून राहिली. गल्लीतली तरणी पोरं एकामागून एक सोलापूरला गेली, गहिनीनाथाचा मुलगाही गेला. शेवटी आसारामनं बोचकं बांधलं. चाळीत खोली मिळाली की दोघींना नेतो म्हणाला.

चंद्रभागाबाईनं त्याला भाकरी बांधून दिली. पण तो वळणाआड गेल्यावर तिनं माझ्यावरच्या गोधड्या काढल्या, कोंबडी हाकलली आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिला सोलापूरला जायचं नव्हतं. बाप साळी, आजा साळी. तिनं जन्मभर सूत उकललं, खळ दिली, कांड्या भरल्या आणि दुसऱ्यानं विणलेलं पाहिलं. आता सगळं सोडून दुसऱ्याच्या खोलीत भिंतीकडं बघत बसायचं, हे तिला मान्य नव्हतं. पण घरात राहायचं तर हाताला काम हवं. आणि काम मी होतो. मला उचलून नेलं, की तिलाही बोचकं बांधावंच लागणार होतं.

ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी बसते."

सुभद्राबाईनं कांड्या भरायचं चाक पुढं ओढलं. "बस. दार उघडं ठेव पर. चोरी करीत न्हाई आपण."

ताणा चढला. ताणा म्हणजे मागावरची उभी सुतं, शेकड्यानं. चंद्रभागाबाई फळीवर बसली आणि तिनं दोरीला पहिला झटका दिला. सूत तुटलं. दुसऱ्या झटक्याला पुन्हा तुटलं. दुपारपर्यंत तिनं विणलं वीतभर आणि गाठी मारल्या हातभर. उन्हाच्या तावात सुभद्राबाईनं निव्वळ आपल्या पायांना गारवा म्हणून ओसरीत घागरभर पाणी ओतलं, आणि माझं तुटणं थांबलं. मग चंद्रभागाबाई इतकी हसली की तिला दोरी सोडावी लागली. मास्तरला दिलेल्या सगळ्या शिव्या आता परत घ्याव्या लागतील, म्हणाली.

खटखट गल्लीभर ऐकू गेली. गहिनीनाथ चार पंचांना घेऊन आला. ओसरीखाली उभा राहिला.

"वहिनी, सून इनायला बसलीय. रीत मोडली तुमी."

सुभद्राबाई म्हणाली, "तिलाच इचारा, भावजी. तिला तोंड हाय."

चंद्रभागाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण फळीवरून उठली नाही.

"मामा, रीत काय हाय? बाईनं खड्ड्यात पाय सोडू न्हाई. व्हय ना? मग ह्यात खड्डा दावा मला."

पंच वाकून माझ्या पायांखाली बघू लागले.

"तुमीच म्हनला व्हता, ह्यो माग न्हाई, पलंग हाय. भर गल्लीत म्हनला. मी आपली माझ्या घरात पलंगावर बसलेय."

पंचांतला एकजण हसला आणि मग त्यानं खोकल्यासारखं केलं. गहिनीनाथाची मिशी हलली. आपलाच शब्द असा उलटून घरी आला म्हटल्यावर माणूस काय करणार? तो म्हणाला, "बस मग. पलंगावरून लुगडं कसं उतरतंय ते बघतोच," आणि गेला. पण जाताना सावकाश गेला. माझ्या खटखटीकडं त्याचा कान होता, हे मी पाहिलं.

मुआयन्याचा दिवस उजाडला. हुसेनसाब मास्तर आले, बरोबर चपराशी आणि मला न्यायला गाडी. आसाराम गाव सोडून गेल्याची खबर त्यांना वाटेतच लागली होती. त्यांनी माझ्यावरचं लुगडं चिमटीत धरून पाहिलं, काठ पाहिले. कापड छान आहे म्हणाले. पण माग आसारामच्या नावावर दिलेला. विणकर गेला तर माग उचलायचा, असा हुकूम होता. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसतही होतं, पण वाईट वाटण्यानं हुकूम कुठं बदलतो? चपराशानं कमरेची सुरी काढली आणि ताणा कापायला पुढं झाला.

चंद्रभागाबाईनं दोन्ही हात ताण्यावर पसरले. ओरडली नाही.

"मास्तर, तुमी बी इनकराच्या घरचे. आर्धा ताणा कापलेला बघितलाय कधी?"

मित्रांनो, विणकर कुठल्याही देवाला मानणारा असो, चढलेला ताणा तो अर्ध्यात कापत नाही. घरात मयत झाली तरी ताणा तसाच ठेवतात, सुतक फिटलं की पुढं विणतात. मास्तरांच्या घरी सात पिढ्यांचा माग. त्यांनी चपराशाचा हात धरला.

"अधूरा ताना नहीं काटते रे," ते हळूच म्हणाले. मग तिच्याकडं वळले. "कब उतरेगा?"

"आठवडी बाजारापत्तर."

ठीक आहे, म्हणाले. केजचं काम उरकून बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतो, तेव्हा माग रिकामा हवा. गाडी गेली.

ती गेल्यावर चंद्रभागाबाई सासूजवळ बसली. ताणा संपायच्या आत त्याच्या शेपटीला नवा ताणा सांधला, एकेक सूत एकेका सुताला पिळून, तर माग रिकामा होणारच नाही, असं ती म्हणाली. पण नव्या ताण्याला सूत हवं, आणि घरात उरलं होतं ते एका पदरापुरतंही नव्हतं.

सूत नाही ही खबर गल्लीभर झाली, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी गहिनीनाथ आला. त्याच्या खांद्यावर त्याचाच ताणा होता, खळ देऊन वाळवलेला, खड्ड्यावर चढायला तयार. त्यानं तो ओसरीच्या काठावर ठेवला.

"घाल पलंगावर," तो म्हणाला.

चंद्रभागाबाईनं ताण्याला हात लावून पाहिला. तुमच्या मागाचं काय, असं तिनं कसंबसं विचारलं.

"तुझा पलंग गेला तर गल्लीत माझा एकट्याचाच माग वाजंल, पोरी. मसनात बसल्यावानी वाटंल." आणि ती रडेल या भीतीनं तो लगेच चिडला. "बघत काय बसलीस? सांधायला लाग. बायांना बोलव."

बाया आल्या. खड्ड्यात पाय न सोडलेल्या सगळ्या आल्या. जुन्या ताण्याच्या टोकाशी बसून एकेक सूत पिळत गेल्या, सासवांच्या नकला करत गेल्या, हसून हसून सूत चुकवत गेल्या आणि पुन्हा लावत गेल्या. जुनं लुगडं उतरलं तेव्हा त्याच्या मागोमाग नवा ताणा माझ्यावर सरकत आला. मी एक क्षणही उघडा पडलो नाही.

मास्तर परत आले. गाडी ओसरीला लावली. पाहतात तर पुन्हा अर्धवट ताणा. ते खाली वाकले, सांधे पाहिले, एकावर बोट फिरवलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"और ये कब उतरेगा, बाई?"

"उतरंल तवा सांगावा धाडते," ती म्हणाली आणि दोरीला झटका दिला.

मास्तर थोडा वेळ उभे राहून खटखट ऐकत राहिले. मग त्यांनी चपराशाला गाडी वळवायला सांगितली, रिकामीच.

पुढं कित्येक मुआयने झाले. दर वेळी ताणा चढलेलाच. दिवाळीला आसाराम आला, दारात थबकला. बायकोनं त्याला पाणी दिलं, भाकर दिली आणि कांड्या भरायचं चाक दिलं. वर्षा-दोन वर्षांनी तो कायमचा परतला. गहिनीनाथानं मला माग कधीच म्हटलं नाही, पण त्याची सून माझ्यावर शिकून गेली. सगळी गल्ली काही परत आली नाही. माझी कितीतरी भावंडं दुसऱ्या गावांत चौकटी झाली, सरपण झाली. सरकारनं आम्हाला पाठवलं हे चांगलंच केलं, पण माग पाठवला की धंदा उठतो असं नाही. त्याच्यावर कुणीतरी बसून राहावं लागतं, उठ म्हटलं तरी.

म्हणून, मित्रांनो, मला पुसून कोपऱ्यात ठेवू नका. दसऱ्याला हार घालून हातही जोडू नका. माझी काळजी घ्यायचीच असेल तर एक करा: ताणा संपायच्या आत पुढचा सांधा. आज माझ्यावर जी सुतं आहेत ती कालच्या सुतांना पिळलेली आहेत, ती परवाच्यांना, आणि असं मागं मागं जात राहिलात तर शेवटी चंद्रभागाबाईच्या हाताशी पोचाल. मधे कुठं कापलेलं सापडलं, तर मला येऊन सांगा.