वरचा हापसा

सुनीतीने पाणी उकळून, गाळून नवऱ्याच्या थर्मासमध्ये भरले, डब्यात पोळी-भाजी घातली आणि स्वतःही निघायची तयारी केली. श्यामसुंदर देवस्थळी हा नागपूरहून बदलून आलेला केंद्र सरकारचा अधिकारी. त्या वर्षी, एकाहत्तर साली, पलीकडे पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्कराने माणसे कापायला सुरुवात केली. लाखो लोक जीव मुठीत धरून कलकत्त्याकडे धावले आणि सॉल्ट लेकच्या कडेची एक छावणी श्यामसुंदरच्या गळ्यात पडली. त्याला बंगाली येत नव्हते. सुनीती मात्र भवानीपूरच्या एका मराठी शाळामास्तरांची मुलगी, जन्मापासून कलकत्त्याची. म्हणून ती रोज त्याच्या शेजारी जीपमध्ये बसून जाई आणि त्याचा शब्द लोकांपर्यंत पोचवी.

सरकारचे कौतुक करायलाच हवे. तांदूळ दिला, डाळ दिली, ताडपत्र्या दिल्या. तंबू संपले तेव्हा गटारासाठी आणलेले सिमेंटचे मोठाले नळ राहायला दिले. आलेल्या कोणालाही परत लावले नाही, कोणाची जात विचारली नाही. जात लोकांनी बरोबरच आणली होती. घर जळाले, शेत गेले, लेकी पळवल्या गेल्या, पण नामशूद्राने, म्हणजे तिकडच्या अस्पृश्याने, शिवलेले पाणी चालत नाही, हे एवढे सामान वाटेत कुठे पडले नाही.

छावणीत दोन हापसे होते. उंचवट्यावरचा खोल, गोड पाण्याचा. खालचा नाल्याच्या काठी. त्याचे पाणी गढूळ आणि वास मारणारे. एक दिवस वरच्या हापशावर शिवाशिवीवरून मारामारी झाली, डोकी फुटली. तेव्हा पूर्व बंगालातल्या बारिसालचे निवृत्त ब्राह्मण हेडमास्तर चक्रवर्ती श्यामसुंदरपुढे येऊन इंग्रजीत म्हणाले, "साहेब, आमचं सगळं गेलं. धर्म तेवढा उरलाय."

श्यामसुंदर मनाचा वाईट नव्हता, हेच दुर्दैव. त्याला म्हाताऱ्याची दया आली.

"बिचाऱ्यांचं सोवळं तरी राहू दे गं," तो सुनीतीला म्हणाला. "वरचा हापसा यांना, खालचा त्या नामशूद्र मंडल लोकांना. सांगून टाक."

"अहो, पण खालचं पाणी पिण्यासारखं नाही."

"ब्लीचिंग पावडर टाकू. मला इथे दंगा नकोय. सांग."

ज्या बापाने घरात कधी शिवाशिव पाळू दिली नाही, त्याच्या मुलीने ते सांगितले. स्वच्छ, गोड बंगालीत सांगितले आणि शेवटी, लोकांनी ऐकावे म्हणून, आपल्या पदरचे एक वाक्य जोडले: "हा सरकारचा हुकूम आहे."

कॉलरा खालच्या, सिमेंटच्या नळांत राहणाऱ्यांमध्ये सुरू झाला. सलाइनच्या बाटल्यांची मागणी केव्हाच गेली होती, मंजुरी यायची होती. मालती मंडल नावाच्या तरुण बाईचा नवरा नदीच्या घाटावर गोळी लागून मेला होता. आता तिचा चार वर्षांचा खोकन जुलाबांनी पिळून निघाला. धावपळीतल्या डॉक्टरने त्याचे पोट चाचपले. "मीठ-साखर घालून पाणी पाजत राहा. चांगलं पाणी, नाल्याकडचं नको," असे सांगून तो पुढच्या छावणीकडे गेला.

दुपारी दुधाच्या पावडरीचे डबे घेऊन सुनीती उंचवट्यावर आली, तेव्हा मालती हापशापासून दूर हातात पत्र्याचा मग धरून उभी होती. हापशाखाली चक्रवर्तींची सून आपल्या मुलाला अंघोळ घालत होती. साबण लावून, निवांत.

"याचं आटोपू दे, मग वरून ओतते," सून म्हणाली.

"कधीपासून उभी आहेस?" सुनीतीने मालतीला विचारले.

"डॉक्टरबाबू गेले तेव्हापासून."

"अगं, मग हापसून घ्यायचं नाही का?"

मालती गोंधळली. "तुम्हीच सांगितलंत ना, दिदी. सरकारचा हुकूम आहे म्हणून."

सुनीतीने तिच्या हातातला मग ओढून हापशाखाली धरला आणि हापसून भरला. सून किंचाळत, साबण लावलेल्या पोराला ओढत बाजूला झाली. दोघी धावत नळापाशी पोचल्या. शेजारची म्हातारी खोकनजवळ बसून होती. त्याचे डोळे खोल गेले होते, हातपाय गार पडले होते. तोंडात घातलेले पाणी ओठांच्या कडेने बाहेर आले. मालतीने ते पदराने पुसले आणि पुन्हा पाजले, पुन्हा पुसले, पुन्हा पाजले. मूल गेल्याचे सुनीतीला कळल्यानंतरही मालती कितीतरी वेळ पाजत राहिली.

त्या संध्याकाळी उंचवट्यावर चुली पेटल्या नाहीत. हापसा बाटला होता. चक्रवर्ती उपोषणाला बसले. दिल्लीहून पत्रकार यायचे होते, म्हणून श्यामसुंदरने घाबरून फोन केले. सलाइन अजून कागदावरच फिरत होती. वरच्या लोकांसाठी नव्या हापशाची मंजुरी मात्र दुसऱ्याच दिवशी आली.

"तू तो मग हापशाला लावायला नको होतास," मंजुरी आली त्या रात्री जेवताना श्यामसुंदर म्हणाला. "पोर तसंही गेलंच असतं. आणि हे बघ, सरकार पोट भरू शकतं. माणसांची मनं बदलणं सरकारचं काम नाही."

"मग हुकूम सरकारचा कसा होता?" सुनीतीने विचारले. त्याने भाताकडे बघत आमटी मागितली.

सकाळी सगळी छावणी उंचवट्यापाशी जमली. मागे पत्रकार कॅमेरे घेऊन उभे होते. श्यामसुंदर हळूच म्हणाला, "सांग, वरच्यांना नवा हापसा मिळतोय. तोवर हा हापसा ते धुवून वापरतील. खालच्यांनी इकडे फिरकू नये."

सुनीतीने बंगालीत आवाज चढवला. "सरकारचा हुकूम आहे. आजपासून हा हापसा सगळ्यांचा. नवा बसेल तोही सगळ्यांचा. कोणी कोणाला अडवलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे."

चक्रवर्ती उठले. "साहेब, दोन्ही हापसे सगळ्यांचे, असं तुम्ही सांगितलंत?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

श्यामसुंदरने बायकोकडे पाहिले, मग कॅमेऱ्यांकडे पाहिले. नाही म्हणायचे तर ते सगळ्या जगापुढे म्हणावे लागणार होते. "हो," तो पुटपुटला. त्याच्या भित्रेपणाचा एवढाच काय तो उपयोग झाला.

सुनीतीने हापशाचा दांडा धरला. बराच वेळ कोणी पुढे आले नाही. मग खालची एक म्हातारी घागर घेऊन आली, तिच्यामागे दोघी-तिघी आल्या. उंचवट्यावरच्यांनी तोंडे फिरवली. गर्दीच्या टोकाला मालती उभी होती. सुनीतीने तिला हाक मारली, तशी ती अगदी जवळ आली. तिच्या हातात भांडे नव्हते.

"दिदी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे परवा का नाही सांगितलंत?"

मालती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. रांग नाल्यापर्यंत गेली होती, आणि खालच्या नळांमध्ये आणखी पोरे जुलाबांनी पडली होती, म्हणून सुनीती हापसत राहिली.