हळदकुंकू लागलेलं आरक्षण

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. जुना म्हणजे काही फार नाही, दीडेक वर्षाचा. पण माझ्या जातीत आठ दिवस जगला तरी तो म्हातारा, म्हणून मी आपला स्वतःला जुना म्हणवून घेतो.

मी विमानाच्या तात्पुरत्या आरक्षणाचा कागद. परदेशात फिरायला किंवा आपल्या माणसांना भेटायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागतो, आणि त्याच्या अर्जाला माझ्यासारखा एक कागद जोडावा लागतो. हा माणूस अमुक दिवशी जाणार, अमुक दिवशी परत येणार, एवढंच मी सांगायचं. व्हिसा मिळाला की खरं तिकीट येतं आणि मला कोणी विचारत नाही. तरीही मी आज नागपुरात, नंदनवनातल्या एका देवघरात सुखानं बसलो आहे. कसा, ते ऐका.

माझा जन्म मधुकररावांच्या छोट्या ऑफिसात झाला. प्रवासाची कामं करणारा हा माणूस फार काटेकोर. त्यांचा शाईचा प्रिंटर खोकत खोकत चाले, पण कागद सरळ काढी. त्या दिवशी समोर रुख्मिणीबाई भोयर आणि त्यांचे यजमान रुपराव बसले होते. रुपराव नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हिशेबनीस. देशभर माल पाठवण्यात जन्म गेला, स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते.

त्यांची एकुलती एक लेक वैभवी जर्मनीत होती. तिचं पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी दिलेली तारीख वीस नोव्हेंबर. सासू हयात नाही, जावयाला दहा दिवसांचीच सुटी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण लेकीला एवढ्या लांब आणता येईना. मग माहेरानंच तिकडं जायचं ठरलं, म्हणजे रुख्मिणीबाईंनी.

"वहिनी, हे तिकीट नाही," मला हातात घेऊन मधुकरराव म्हणाले. "जागा फक्त धरून ठेवली आहे, आठ दिवसांसाठी. चार नोव्हेंबरले जाणं, अठ्ठावीस जानेवारीले येणं. व्हिसा आला की पक्कं करू."

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं काय जी?"

"अगदी तसंच!" मधुकरराव खळखळून हसले.

मला तेव्हा जरा राग आला. नवा कोरा, पांढराशुभ्र मी, आणि मला रुमाल म्हणतात! पण खरं सांगायचं तर त्याहून चांगलं माझं वर्णन नंतर कोणी केलं नाही.

त्याआधी रुपरावांच्या पुतण्यानं, बंटीनं, एक शक्कल काढली होती. "काका, काहून एवढा खटाटोप करून राहिले? मी कॉम्प्युटरवर तसाच कागद बनवून देतो." आता रुपरावांकडून हे ऐकून मधुकररावांनी कपाळाला हात लावला. "असलं काही करू नका बाप्पा. खोटा नंबर बोलत नाही. खऱ्या नंबरले विचारलं तर तो उत्तर देते." मग त्यांनी माझ्या डोक्यावरच्या सहा ठळक खुणांवर बोट ठेवलं. काही इंग्रजी अक्षरं, काही आकडे. "वहिनी, याच्यात सारा जीव आहे. हा नंबर जपा." विम्याचा कागद आणि वैभवीचं बोलावणं त्यांनी माझ्याशेजारी ठेवलं, तिन्हींवरच्या तारखा जुळवून पाहिल्या आणि माझी एक जास्तीची प्रतही दिली.

जपा म्हटलं की रुख्मिणीबाई जीवापाड जपणार! पण त्या चौथी शिकलेल्या. "मले इंग्रजी कुठं येते जी? कशी ध्यानात ठेवू?" असं म्हणत त्या मला घेऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात सडा टाकला, नेहमीचं कमळ काढलं, आणि मला उंबऱ्यावर वाटीखाली दाबून ठेवून कमळाखाली त्या सहा खुणा रांगोळीनं काढल्या. बघून बघून, एकेक रेघ. अक्षरांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी आपलीच नावं ठेवली. पहिला काठी टेकलेला बुढा, मग विळा, मग दोन डोंगर, मग वळणाचा पाट, मग खुर्ची, शेवटी छत्री. सहा दिवस रोज हेच. चौथ्या दिवसापासून त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. बोटं आपोआप चालायची. ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. कौतुक एवढं, की गांधीबागेच्या बाजारातून बाळासाठी सुती दुपट्यांचं कापड आणलं, तेसुद्धा आधी मला दाखवून मग पेटीत गेलं.

मुंबईला निघायची सकाळ उजाडली. अर्ज तिथल्या केंद्रात द्यायचा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ. मला देवापुढं ठेवलं. शेजारी रुख्मिणीबाईंच्या जाऊबाई, शामलाबाई, उभ्या होत्या.

"रिकामाच चालवला काय वं कागद? नव्या वहीलेबी आपण कुंकू लावतो. लाव थोडं!"

रुख्मिणीबाईंनी हळद आणि ओलं कुंकू घेतलं, आणि मनापासून, भरल्या डोळ्यांनी, माझ्या कपाळावर टेकवलं. कपाळ म्हणजे कुठं, तुम्ही ओळखलंच. बरोब्बर त्या सहा खुणांवर! आणि मी शाईचा कागद. ओलं लागलं तशी माझी शाई पसरली, आणि तशीच मला घडी घालून पिशवीत ठेवलं. मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मुंबईच्या केंद्रात फक्त अर्जदाराला आत सोडतात, आणि एकदा बाहेर पडलं की पाळी जाते. रुपराव फोन घेऊन बाहेर थांबले. आत खिडकीशी दीक्षा नावाची मुलगी बसली होती. तिनं एकेक कागद पाहिला आणि माझ्यापाशी थांबली.

"काकू, हे काय झालंय? नंबरच दिसत नाही."

"कुंकू आहे माय ते. देवापुढं ठेवला होता."

"ते ठीक आहे हो, पण पुढं वकिलातीतली माणसं नंबर टाकून तपासतात. दुसरी प्रत आहे?"

दुसरी प्रत नंदनवनात, टीव्हीखाली आरामात पडली होती. रुख्मिणीबाईंचा चेहरा उतरला.

"मग अर्ज अपूर्ण राहील, काकू. नवी तारीख घ्यावी लागेल." दीक्षानं पडद्यावर पाहिलं. "सव्वीस नोव्हेंबर."

"सव्वीस? माह्या पोरीची तारीख वीस आहे वं माय. तिच्याजवळ कोणीच नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की फाटून जावं असं झालं. एवढं एक काम होतं माझं. विचारलं तर नंबर दाखवायचा. आणि तोच मला जमत नव्हता. रुख्मिणीबाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले.

"मले येते नंबर."

"येतो? मग सांगा ना!"

"सांगता नाही येत. काढता येते."

आणि त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून, चिमटीत रांगोळी असावी तसा हात मेजावर धरला. दीक्षानं ते ओळखलं. मग तिनं मला पालथं घातलं आणि पेन पुढं केलं. रुख्मिणीबाईंनी पेनही चिमटीतच धरलं. बुढा, विळा, दोन डोंगर, पाट, खुर्ची, छत्री, सगळे माझ्या पाठीवर उमटले, मोठाले आणि ठसठशीत.

"के... सात... एम... झेड... चार... टी," दीक्षा वाचत गेली आणि बटणं दाबत गेली. पुढं तिनं भोयर लिहिलं. मधुकररावांनी खऱ्यानं धरलेली ती जागा विचारल्याबरोबर बोलली! नाव, दोन्ही तारखा, सगळं पडद्यावर आलं. दीक्षानं तिथूनच नवी प्रत काढली आणि फाईलीत लावली. "तुमचा हा कागद तुमच्याजवळ ठेवा," ती म्हणाली. "आणि काकू, अक्षर छान आहे."

"देव तुझं भलं करो माय," असं म्हणत रुख्मिणीबाईंनी मला पुन्हा पिशवीत ठेवलं.

पुढं व्हिसा आला, पक्कं तिकीट आलं. माझी मुदत केव्हाच संपली होती. मी स्वयंपाकघरातल्या खोक्यात, रद्दीच्या कागदांखाली पडून राहिलो. वाईट वाटलं, पण रुमालाचं हेच काम, अशी मनाची समजूत घातली. निघायच्या आदल्या दिवशी डिंकाचे लाडू डब्यात भरताना रुपरावांनी खाली अंथरायला नेमकं मलाच उचललं.

"त्याले हात नका लावू!" रुख्मिणीबाई इतक्या जोरात ओरडल्या की रुपरावांच्या हातातला लाडू खाली पडला. त्यांनी माझी नीट घडी घातली आणि मला कमरेच्या बटव्यात ठेवलं. असा मी, कधीच न उडणारा कागद, विमानात बसलो, मित्रांनो! खिडकीची जागा नव्हती, पण माझी तक्रार नाही.

एकोणीस तारखेला वैभवीला मुलगी झाली. आई तिच्या उशाशी होती. काही दिवसांनी बटवा आवरताना वैभवीनं मला उघडलं, उलटं केलं, आणि विचारलं, "आई, हे कोणी लिहिलं?"

"मीच. काहून?"

"तुला तर इंग्रजी येत नाही."

"येवढंच येते. तुह्याकडं यायला लागलं तेवढं."

वैभवी आईच्या कुशीत शिरून रडली, आणि तिचं बघून बाळानंही भोकाड पसरलं.

म्हणून म्हणतो, मित्रांनो, आमची थोडी कदर करा. हळदकुंकू जरूर लावा, मला ते फार आवडलं, पण कोपऱ्यात लावा. दुसरी प्रत टीव्हीखाली विसरू नका. खोट्याचा हात धरू नका. आणि आपल्यासाठी सरळपणानं काम करणाऱ्या मधुकररावांना, दीक्षाला, एकदा तरी मनापासून धन्यवाद द्या. मी तर रोज देतो.

रुख्मिणीबाई परत आल्या आणि त्यांनी मला देवघरात ठेवलं, त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. रोज सकाळी त्यांच्या अंगणात कमळाखाली त्या सहा खुणा अजून उमटतात. नवीन कोणी दिसलं की हमखास विचारतं, "काकू, हे काय लिहून ठेवलं?"

त्या रांगोळीची चिमूट सोडत म्हणतात, "माह्या पोरीच्या घरची वाट आहे."