काळ्या दोऱ्याची बाटली

रेवदंड्याच्या पुळणीकडच्या बंगल्यात एक पारशी बाईसाहेब थंडीचे दोन महिने राहायला येत. घरात माणसं तीन, पण चादरी तीस माणसांच्या. त्या दोन महिन्यांत आमच्या परटाच्या भट्टीला दम म्हणून नसे. कपडे न्यायला-आणायला मीच जायची, आणि तिथं माझी गाठ पडायची ती मनुबाईशी. ती बाईसाहेबांची मुलगी सांभाळायची.

छत्तीस सालच्या थंडीत मनुबाईनं कागदात गुंडाळून दोन रिकाम्या बाटल्या माझ्या हातात ठेवल्या. अंगठ्याएवढ्या. जाड काच, काळं झाकण, आणि झाकणाला आतून चिकटवलेला इवलासा कुंचला.

"नखांच्या रंगाच्या हायत," मनुबाई म्हणाली. "बाईसाहेब नखं लाल करतात."

"कशापायी?"

"मला काय ठावं? सकाळी लावतात, दोन दिवसांनी पुसतात. आपली नखं राखेनं काळी होतात, त्याला कुणी विचारीत न्हाय."

मला बाटल्यांचं कौतुक नव्हतं, कुंचल्याचं होतं. कुणाचं धोतर कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून परीट कपड्याच्या कोपऱ्यात खूण करतो. बिब्बा टोचायचा, सुईच्या टोकावर तेल घ्यायचं, दोन रेघा ओढायच्या आणि वर चुन्याचं बोट फिरवायचं. खूण काळीभोर होते. कपडा विरेल, पण खूण जाणार नाही. मी अक्षरं शिकले ती अशीच, आधी रेघा आणि टिंबं, मग गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर, मग पुढचं. पण सुईनं बोटं भाजतात. बिब्बा मोठा लबाड आहे. अंगाला लागला तर तेव्हा काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी फोड उठतात आणि पंधरा दिवस माणूस कुंथत बसतं. झाकणाला धरून फिरवता येईल असा कुंचला मिळाला तर माझी बोटं सुटणार होती.

बाटल्या धुवायला घेतल्या मात्र, आणि माझी सगळी परटीणगिरी बाहेर पडली. धुण्याचा सोडा घालून उकळल्या, रंग हसला. राख घातली, वाळू घालून खुळखुळवल्या, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवल्या. रंग तसाच, वर कुंचला आणखी ताठ. आयुष्यभर लोकांचे डाग काढले आणि नखभर रंगानं मला खाली बघायला लावलं. शेवटी मनुबाईला शरण गेले. तिनं बाईसाहेबांच्या मेजावरच्या दुसऱ्या शिशीतलं चमचाभर पाणी मला दिलं. ते आत घालून दोनदा हलवलं, तर लाल पाणी भळाभळा बाहेर. घरभर पिकलेल्या राजेळी केळ्यांचा वास सुटला. माझा नवरा चांगदेव अंगणातून ओरडला, "घड कुणी आणला गं?" मग गरम पाण्यानं चार वेळा विसळून त्या सुपात ठेवून उन्हात पालथ्या घातल्या. काच लखलखीत झाली. फक्त केळ्यांचा वास काही गेला नाही.

एकीत मी बिब्ब्याचं तेल भरलं. दुसरीत मध आणि टाकणखाराची लाही खलून भरली, कारण माझ्या भाचीचं, कमळचं, पाच महिन्यांचं पोर तोंड आलं म्हणून दोन दिवस अंगावर पीत नव्हतं. जिभेवर पांढरा थर, हिरड्या लाल. असल्या तोंडाला बोटानं औषध लावलं तर पोर आणखी रडतं. कुंचल्यानं कसं, अलगद लागेल. खाडीपलीकडे साळावला निरोप धाडला की येऊन बाटली घेऊन जा.

आता दोन्ही बाटल्या एका फळीवर, दोन्हींत तांबूस दाट काहीतरी, दोन्हींना वास केळ्यांचा. म्हणून बिब्ब्याच्या बाटलीच्या गळ्याला मी काळा दोरा बांधला. परटाला खुणेची सवय. चांगदेवला सांगून ठेवलं, कमळ आली तर फळीवरची बाटली दे. दोऱ्याची सोडून दुसरी, एवढंच. बिब्ब्याचं नाव मी काढलं नाही आणि तोही काढणार नव्हता. लेकुरवाळीच्या कानावर बिब्ब्याचं नाव घालायचं नाही, घातलं की तो तिच्या पोराच्या अंगावर उततो, असं आमच्यात मानतात. मी स्वतः ते खरं मानते की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी विहिरीवर होते तेव्हा कमळ आली आणि गेली. रात्री चांगदेव म्हणाला, "गेली घेऊन." मी बरं म्हटलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळावच्या खोतांचे कपडे द्यायचे होते. तरीतून, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीतून, खाडी ओलांडली, गाठोडं पोचवलं आणि पोराला बघायला कमळच्या घरी गेले. ओटीवर कमळची सासू बायजा पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती.

"या विहीणबाई. औषध धाडलंत, आता वैद्य म्हणून बघायलाबी आलात."

"उतार आहे का?"

"रात्री दोनदा प्याला. तुमच्या औषधानं का आमच्या देवाच्या अंगाऱ्यानं, ते तुमी ठरवा."

कमळ हसत आतून आली. कडेवर हिरामण, गुबगुबीत, लाळेनं भिजलेला. मला बघून त्यानं हात पुढे केला. त्या हाताच्या मनगटावर काळा दोरा होता.

दोन पदरी, मधे माझी दुहेरी गाठ. परटाची गाठ परटाला ओळखू येते.

"हा दोरा कुठला गं?"

"अगं तूच दिलेला ना," कमळ म्हणाली. "बाटलीला बांधलेला. आतोबांनी फळी दाखवली आणि ते कपडे उलथायला गेले. म्हटलं, आत्याला किती आठवण! दृष्ट लागू नये म्हणून औषधाबरोबर दोरापण दिला. तिथंच सोडला आणि पदरात बांधून आणला."

"आणि बाटली?"

"आणली ना."

"कुठली? जिचा दोरा सोडलास ती?"

कमळनं जरा आठवून बघितलं. "काय की. दोरा सोडेपर्यंत दोन्ही हातात घेतलेल्या. सारख्याच तर होत्या. मला वाटलं, दोन्हींत तेच असणार."

मी उंबऱ्याला टेकले. पोराच्या तोंडात बिब्बा! जीभ, हिरड्या, घसा. आणि पोर हसत होतं, पण त्याच्या हसण्याला काय किंमत? बिब्बा आज बोलत नाही.

"कितीदा लावलंस?"

"काल दिवेलागणीला आणि आज सकाळी. का गं, जास्त झालं?"

"बाटली आण."

कमळनं आणली. स्वच्छ, लखलखीत. आत पांढरं खोबरेल.

"उरलेलं औषध वाटीत काढलं, ते सकाळी संपलं. मग बाटली राखेनं आणि कढत पाण्यानं धुतली. रिकामी कशी परत देऊ? म्हणून तेल घातलं." तिनं मोठ्या अपेक्षेनं माझ्याकडे बघितलं. "धुतली ना बरोबर?"

"वाटी?"

"तीपण घासली."

तिच्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, मीच कधीकाळी सांगितलं होतं की पोरीला स्वच्छतेची सवय लाव. मी झाकण उघडून वास घेतला. केळी. कुंचला बघितला. तोही धुतलेला. मी धुतली असती त्याहून चांगली धुतली होती.

"वाटी घासताना चव घेतलीस का? गोड होतं?"

"पोराचं उष्टं औषध मी कशाला चाटू? तोंड आलं तर?"

"विहीणबाई," बायजा तांदळातून वर बघत म्हणाली, "तुमच्या औषधात काय व्हतं ते तुमालाच ठावं न्हाय व्हय?"

बिब्ब्याचं नाव काढलं असतं तर कमळनं तिथंच हंबरडा फोडला असता, आणि खरंच उततो की काय याचीही त्या क्षणी मला भीती वाटली. घरी जाऊन दुसऱ्या बाटलीत काय उरलंय ते बघितलं असतं तर उलगडा झाला असता, पण ती होडी संध्याकाळशिवाय परत जाणार नव्हती. तोवर मी कशी थांबू? मी पोराला उजेडाला धरलं, हनुवटी दाबून तोंड उघडलं. थर कमी होता. लाली होती, पण ती कालचीही असेल. लालीवर कुणाची खूण नसते.

"लावताना लाळ सांडली असेल," मी म्हटलं.

"सांडली तर! दोन लाळेरी भिजली. सकाळीच धुऊन टाकली."

मागच्या दारी दोरीवर पाच लाळेरी वाळत होती. मी धावलेच. बिब्ब्याचा डाग लाळेऱ्यावर पडला असेल तर तो कमळच्याच काय, माझ्या भट्टीलाही जायचा नाही. पहिलं पांढरं. दुसरं पांढरं. तिसऱ्याच्या कोपऱ्यात काळं!

"ह्यातलंच का एक?" मी मागून आलेल्या कमळला विचारलं.

"हो, हे आणि ते टोकाचं."

मी ते लाळेरं दोरीवरून ओढलं आणि उलटं केलं. दोन उभ्या रेघा, बाजूला एक टिंब. खोतांच्या घरची खूण. खोतीणबाईंनी जुनेर म्हणून दिलेली चादर मी कमळला बाळंतपणात पाठवली होती, तीच फाडून तिनं लाळेरी केली होती. खूण दहा वर्षांपूर्वीची, माझ्याच हातची. माझ्याच अक्षरानं मला घाम फोडला.

पण त्याच लाळेऱ्याच्या मधोमध दुसरा एक डाग होता. फिकट, पिवळसर, धुऊन उरलेला. टोकाच्या लाळेऱ्यावरही तसाच. मध धुतल्यावर असा राहतो का? राहील. कच्चा बिब्बा, लाळेत पातळ झालेला, असा दिसेल का? तोही दिसेल. चुना लागेपर्यंत तो काळा होत नाही.

मी ओटीवर आले. "विहीणबाई, चंची द्या तुमची."

"आता पान खायचं सुचलं?"

"चुना हवाय."

तिनं चंची पुढे सरकवली. मी बोटभर ओला चुना घेतला, दोन्ही लाळेरी मांडीवर पसरली आणि दोन्ही डागांवर चुना चोळला. कमळ पोराला घेऊन समोर उभी. बायजानं सूप खाली ठेवलं.

"लाळेऱ्याला विडा खाऊ घालताय की काय?"

"गप बसा जरा."

एरवी कोणी बायजाला गप म्हणेल तर ती घर डोक्यावर घेते. पण माझ्या तोंडाकडे बघून ती खरंच गप बसली. मी डागावरची नजर काढली नाही. बिब्ब्याला चुना लागला की पाच-पन्नास अंक मोजेपर्यंत रंग फिरतो, आधी तपकिरी, मग काळा. मी पन्नास मोजले. पिवळा. शंभर मोजले. पिवळा. चुना नवा आहे का म्हणून जिभेला लावला, जीभ चांगलीच चावली. नवा होता. आणखी शंभर मोजले. मग तांब्याभर पाण्यानं चुना धुतला आणि डाग बोटांनी चोळले. चुन्याबरोबर डागही गेले. कापड पांढरं.

मी ते पांढरं कापड तोंडाला लावलं आणि रडले. रडताना हसू यायला लागलं, मग दोन्हीचं काही ठरेना. हिरामणला वाटलं खेळ चाललाय, तो खिदळायला लागला.

"दृष्ट बाधली तुमाला," बायजा म्हणाली. "कमळे, मीठ-मिरच्या आण, आत्यावरून उतरव."

"उतरवा," मी म्हटलं. "पण आधी मला पोराचा दोरा सोडू द्या." दोऱ्यालाही बिब्ब्याचं तेल लागलं असेल ना.

"दृष्टीचा दोरा सोडतात व्हय?"

"सोडून दुसरा बांधते." मी पोराचं मनगट नीट बघितलं. मऊ, गोरं, एक पुरळ नाही. माझ्या लुगड्याच्या काळ्या काठातला धागा ओढला, दुहेरी केला आणि बांधला. जुना दोरा चुलीत टाकला. बायजा पुटपुटली, पण चहाचं आधणही तिनंच ठेवलं, आणि गुळाचा खडा दोनदा वाढला.

कमळ मला धक्क्यापर्यंत पोचवायला आली. पोर सासूजवळ ठेवलं होतं. वाटेतल्या वडाच्या पुढे गेल्यावर ती थांबली.

"आत्या, आता सांग. काय होतं त्या दुसऱ्या बाटलीत?"

मी मागे वळून बघितलं. घराचं छप्परही दिसत नव्हतं. मग हळूच सांगितलं.

तिनं माझ्या पाठीत चांगला गुद्दा घातला. "सांगायचं होतंस ना! दोरे कसले बांधतेस? सरळ तोंडानं सांगायचं!"

"लेकुरवाळीपुढे नाव कसं काढू?"

"मग आता काढलंस ते?"

"आता पोर लांब आहे."

"शहाणीच आहेस." तिनं पदरानं नाक पुसलं. "नक्की ना गं? चुना लावलास, काही झालं नाही, म्हणजे नक्की ना?"

"नक्की."

"पण तरीपण."

"अगं, नक्की म्हटलं ना."

"मी एकदा बघून येते," ती म्हणाली आणि पळालीच.

तरीवाला वल्हं आपटून ओरडत होता, "सगुणाबाय, येतेस का सोडू?" माझं डोकं मला सांगत होतं की चुना खोटं बोलत नाही. तरीही मी त्याला म्हटलं, "सोड तू. उद्या येईन," आणि कमळच्या मागे निघाले.

घरी बायजाच्या मांडीवर पोर होतं. कमळ वाकून त्याच्या तोंडात बघत होती. मी दिवा जवळ आणायला सांगितला आणि करंगळी धुऊन त्याच्या हिरड्यांवरून फिरवली. ऊन, ओल्या, गुळगुळीत. त्यानं करंगळी चावली आणि सोडेचना.