जाकिटाचे वेगळे पडतील

आमच्या घरात दुसऱ्याची वापरलेली वस्तू येत नाही. हा नियम माझ्या बापाचा, मारोतीचा. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावी परतले आणि घरातले उतरलेले कपडे तेवढे गोळा करायला बसले. गावातली मोठी घरं सणावाराला जुनी धोतरं, विरलेले सदरे आम्हाला द्यायची. देताना म्हणायची, "मी आता घालत न्हाई, तुझ्या कामाला येईल." बापानं गाठोडं बांधलं आणि ज्याचं त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. माझ्या अंगातला सदराही त्यात गेला. मी लहान होतो, थंडीत कुडकुडलो, रडलोही असेन. मग कधीतरी मांजरपाटाचा नवा सदरा आला. त्याचा खळीचा वास मला अजून आठवतो.

तेव्हापासून आमच्याकडे शाळेची पुस्तकं नवी, बाज नवी, भांडी नवी. मी एसटीत कंडक्टर झालो आणि पहिली सायकल घेतली तीही नवी. दांडीवरचा कागद मी दोन वर्षं फाडला नाही. लोक हसले. हसोत बापडे.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीत नवाच होतो. गाड्यांच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्या आल्या, आम्हाला वाटलं आता सगळंच नवं होणार. जिल्हा नवा झाला खरा, पण दुष्काळ जुनाच राहिला. आता उदगीरकर त्यांचा वेगळा जिल्हा मागत आहेत. मागू देत, त्यांनाही पाट्या बदलायची हौस असेल.

त्याच लातुरात माझी मुलगी पंचशीला पाणीपुरवठ्यात इंजिनीयर आहे. यंदाच्या उन्हाळ्यात शहराला रेल्वेनं पाणी आलं, हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. ते पाणी गल्लीबोळात वाटणाऱ्यांत आमची पंचशीला होती, हे टीव्हीनं दाखवलं नाही. म्हणून मी सांगतो. चाळिशीला आलेली बाई भर उन्हात टँकरच्या पुढं मोटरसायकलवर चालायची, आणि टँकरवाल्यांची काय बिशाद होती वाट वाकडी करायची!

तिला एकच वेड. मोटरसायकलवर एकटीनं लडाखला जायचं. तिथले घाट चढायचे, तिथले बुद्धविहार बघायचे. नोकरी लागल्यापासून दर वर्षी काही ना काही आडवं आलं. यंदा साहेबांनी स्वतःहून सांगितलं, पाऊस लागला की भाद्रपदात महिनाभर सुट्टी घ्या. आता फक्त तशा रस्त्याची गाडी हवी होती. लांब पल्ल्याची, उंच, दगडधोंड्यातून जाणारी.

"दोन गाड्या बघून ठेवल्यात, बाबा," ती म्हणाली. "एक नांदेडला शोरूममदी. नवी. दुसरी लातूरला, एका अप्पांची. मोठ्या इंजिनाची हाय, लई चांगली ठेवलीय. पण जुनी."

"मग नवी घे," मी म्हणालो. यात विचार करण्यासारखं काय होतं?

"एकदा दोन्ही बघा. मग तुमी सांगाल तसं."

"तुमच्या बापाचा नियम कापडाला होता, इंजिनाला न्हाई," माझी बायको पारूबाई चुलीपुढून म्हणाली. मी नांदेडच्या एसटीची वेळ सांगून टाकली.

नांदेडला गेलो. गाडी बघून माझा जीव हरखला. चकचकीत टाकी, सीटवर प्लॅस्टिक, रबराचा कोरा वास. मी मनात म्हणालो, हीच. तेवढ्यात टाय लावलेला सेल्समन आला आणि माझ्याकडे बघून बोलायला लागला. "काका, ताईंना झेपंल अशी स्कूटी बघा की. ही लई उंच हाय." पंचशीला माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. तिनं गाडीवर टांग टाकली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि विचारलं, "कधी मिळंल?"

"नंबर लागलेत, मॅडम. दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर लडाखचा रस्ता बंद असतो."

"मग पुढल्या साली जावा की! लडाख कुठं पळून चाललंय?"

तीस वर्षं भरलेल्या गाडीत ओरडण्यात घालवलेला माझा आवाज त्या दिवशी शोरूममध्ये सगळ्यांनी ऐकला. पंचशीलेनं मला हाताला धरून बाहेर आणलं. परतीच्या वाटेवर मी पुढल्या सालाबद्दल बोलू लागलो, नवी गाडी, कोरा वास, थोडा दम धर. ती "हाव" म्हणाली. नुसता होकार. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. दम धरता धरता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते, हे मला दिसत होतं.

म्हणून रविवारी मी लातूरला गेलो. नियम मोडायला नव्हे, तिनं "दोन्ही बघा" म्हटलं होतं म्हणून. हे मी पारूबाईला दोनदा सांगितलं.

विरूपाक्षअप्पा डाळीचे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पन्नाशीचा भरदार गडी. मणक्याचा त्रास सुरू झाला म्हणून गाडी विकायला काढलेली. गाडी अंगणात उभी होती, दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या. माझ्याशी नमस्कार झाला आणि पुढं ते बोलले ते सगळं पंचशीलेशी. गाडी लडाखला एकदा जाऊन आलेली. कुठल्या घाटात दम लागतो, नदी ओलांडताना गिअर कोणता, पंक्चर काढायचं सामान कुठल्या पेटीत. ती विचारत होती, ते सांगत होते. मग तिनं गाडी गल्लीतून फिरवून आणली. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी दुसरीकडे बघितलं. दहावीचा निकाल घेऊन आली होती तेव्हा असा चेहरा बघितला होता.

मी हवालदिल झालो. नाही कसं म्हणू?

अप्पांनी आम्हाला आत बसवलं. चहा आला. पंचशीलेनं आकडा विचारला, तो ठरलेला होताच. तिनं मान डोलावली. मग अप्पांना काय झालं कोण जाणे, ते भरभरून बोलायला लागले.

"काका, तुमास्नी ठाऊक न्हाई. आमचं घर गल्लीच्या शेवटाला. टँकर इथवर येईस्तोवर रिकामा व्हायचा. माझी म्हातारी आई कोरडा हंडा घेऊन बसून ऱ्हायची. या मॅडमनी काय केलं, एक खेप त्या टोकानं आन् दुसरी खेप या टोकानं चालू केली. आमच्या दारात पयल्यांदा पाणी आलं. म्हणून सांगतो, मॅडम, त्या आकड्यातला चौथा हिस्सा सोडला. ही पाण्याची परतफेड समजा." ते उठले, खुंटीवरचं जाड काळं जाकीट काढलं आणि तिच्यापुढं धरलं. "आन् हे असंच घेऊन जा. मी आता घालत न्हाई. तुमच्या कामाला येईल."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. माणूस वाईट नव्हता, बोलण्यात मायाच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तेच शब्द होते! साठ वर्षांनी, इंजिनीयर झालेल्या माझ्या लेकीपुढं, तेच जसेच्या तसे. मी उभा राहिलो. "चल पंचशीला," म्हणालो. "आपल्याला काही न्यायचं न्हाई."

अप्पा गोंधळले. जाकीट हातात तसंच.

पंचशीला उठली नाही. "बसा, बाबा," ती म्हणाली. मग अप्पांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "अप्पा, पाणी मी दिलं न्हाई. तुमच्या हक्काचं होतं, ते तुमच्यापर्यंत पोचवलं. त्याचा मला पगार मिळतो. त्याच्यापायी तुमी गाडी स्वस्त केली तर ती लाच झाली. उद्या टँकर या टोकाला लावताना माझा हात कापंल. आन् जाकिटाचं म्हणाल, तर आमच्या आज्यानं असे कपडे गावाला वापस केलेत. फुकटचं मी घेणार न्हाई. पुरी किंमत घेणार असाल तर गाडी मला पायजे. न्हाईतर मी पुढल्या साली जाईन."

मी बसलो. माझ्या बापानं गाठोडं परत केलं तेव्हा ते एक शब्दही बोलले नव्हते, बोलायची सोय नव्हती. त्यांना जे म्हणायचं होतं ते आज माझ्या लेकीनं परक्या घरात, खुर्चीवर बसून, शांतपणे म्हटलं. आणि मी मात्र इतकी वर्षं कोऱ्या वासाला धरून बसलो होतो. बापाचं भांडण जुन्या कापडाशी कधी नव्हतंच. ते कापड ज्या हातानं यायचं त्या हाताशी होतं.

अप्पांनी जाकीट टेबलावर नीट घडी करून ठेवलं आणि घसा खाकरला. आता ते डाळीच्या पेढीवर बसतात तसे बसले होते.

"ठीक हाय," ते म्हणाले. "गाडीचा आकडा पुरा. एक पै कमी न्हाई. आन् जाकिटाचे वेगळे पडतील."

"किती?" मी विचारलं.

त्यांनी सांगितले. बरेच सांगितले. त्या क्षणी तो माणूस मला फार आवडला.

"लई झाले, अप्पा," मी जाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बाही बघा, उसवून राहिलीय. चेनबी अडकते."

"चेन अडकत न्हाई, तुमाला लावता येईना."

"मला येईना म्हणजे गिऱ्हाइकाला येईना. निम्मे घ्या."

"निम्मे? घरी येऊन लुटता की काय, काका!"

पंचशीला कपाळाला हात लावून हसत होती. आम्ही दोघे मात्र मन लावून भांडलो. माझ्या बापाला त्या ओसऱ्यांवर कधी घासाघीस करता आली नव्हती. दिलेल्या वस्तूचा भाव कोण करणार? मी जाकिटाचा भाव दोनदा पाडला, अप्पांनी एकदा चढवला, आणि जिथं ठरला तिथं आम्ही दोघांनी हात मिळवला. त्यांच्या आईनं, रत्नम्मानं, आम्हाला काठोकाठ तांब्या भरून पाणी दिलं. त्या दिवसांत लातुरात कुणी तांब्या काठोकाठ भरत नसे. मी ते पाणी थेंब न सांडता प्यालो.

कागदपत्रं झाल्यावर पंचशीला गाडी घेऊन गावी आली. चाकूरच्या फाट्यावरून मी मागं बसलो. उंच गाडी, त्यात माझं धोतर, चढताना फजिती झालीच. गावात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती आणि पारावर माणसं बसलेली होती. पंढरी उठून पुढं आला. तो लातूरच्या मोंढ्यात हमाली करतो, तिथल्या सगळ्या व्यापाऱ्यांना ओळखतो. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, पेट्यांवर हात फिरवला.

"ज्ञानोबा, ही तर विरूपाक्षअप्पांची गाडी," तो म्हणाला. "दिली का त्यांनी तुमाला?"

पंचशीलेनं इंजिन बंद केलं. मी खाली उतरलो, धोतर झटकलं आणि भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकावर ऐकू जायचा त्या आवाजात सांगितलं,

"दिली न्हाई. माझ्या लेकीनं घेतली."