वळणापलीकडच्या अटी

निळा चिमटा, प्लॅस्टिकचा, एक पाय जरा वाकलेला, शांतारामच्या तुळशीच्या कुंडीत उभा रुतलेला... वरच्या मजल्यावरच्या बर्थाचा, दुसऱ्या कोणाचा असणार, आठवड्याला एक तरी पाडते—आणि तो उचलायला वाकलेल्या शांतारामच्या कानावर गल्लीत शिरणाऱ्या रिक्षाचा कर्णा आदळला : घर तारण ठेवा, लागतील तेवढे काढा, काढाल तेवढ्यावरच व्याज, फक्त साडेनऊ टक्के...

रविवारची सकाळ, अख्खी एव्हरशाईन सिटी गॅलऱ्यांत. कांदेवाल्याशी चौथ्या मजल्यावरून घासाघीस करणारी ही माणसं, टक्क्यांचा आकडा कानावर पडला की कशी मऊ होतात! शांतारामने मनातल्या मनात त्यांचे दोन रकाने पाडले : फसणारे आणि आधीच फसलेले. स्वतःसाठी तिसरा राखला होता.

रिक्षा रमतगमत गल्लीच्या टोकाला गेली, खाजणाकडे वळली आणि मग तिथे, बगळ्यांना, अटी ऐकवू लागली : हा दर पहिल्या तीन महिन्यांपुरता, न काढलेल्या रकमेवरही आकार, बँक वाटेल तेव्हा खातं गोठवून सगळी बाकी एकदम मागू शकेल. शांतारामच्या बँकेला परिपत्रकच होतं वरून—दर सांगायचा तर अटीही त्याच जाहिरातीत, त्याच आवाजात. सांगितल्याच होत्या की. कॅसेट ऐकून 'नियमानुसार' अशी सही शांतारामनेच केली होती, आणि मॅनेजर—ढेकर दिल्यासारखा हसणारा तो माणूस—म्हणाला होता, "राणे, नियम कॅसेटला आहे, रिक्षाला नाही. गल्लीच्या तोंडाशी बटण दाबायचं, बस्स. अटी येईतो रिक्षा वळणापलीकडे." काय पण चलाखी! आणि मी हसलो होतो... मार्चमध्ये बढत्या होत्या, म्हणून हसलो होतो.

"राणेसाहेब, चिमटा पडला काय माझा?" वरून बर्था.

"पडला. एक दिवस तुम्ही पडाल."

"पडले तर तुमच्याच कुंडीत! उद्या येते हां बँकेत, फ्लॅटचे पेपर घेऊन. मोठा ओव्हन घ्यायचाय. केकच्या ऑर्डरी परत पाठवते मी, बोला."

"जेम्सना विचारलंत?"

"नवरा तर बोटीवर. पगार कधी येतो, कधी दोन-दोन महिने लटकतो. म्हणून तर हे बरं."

नेमकं म्हणूनच बरं नाही. एक पगार लटकला, त्यातच बँकेने बाकी मागितली, की डोक्यावरचं छप्परच...

"जाहिरात पूर्ण ऐकलीत?" त्याने विचारलं, तिला पकडायच्या मजेत.

"छे! वळली की पुढे काय बडबडते कोणाला ठाऊक." बर्थाने चादर झटकली. "मी सगळ्यांना बोलले, आपले राणेसाहेब त्याच बँकेत, खालीच राहतात. काही वाकडं असतं तर गप्प बसले असते काय?"

म्हणजे बहिरी नव्हती ही माणसं. वळणापलीकडे काहीतरी आहे एवढं त्यांना कळत होतं. ते ऐकायचं काम त्यांनी, गावाला जाताना शेजारी किल्ली द्यावी तसं, त्याच्याकडे देऊन टाकलं होतं.

"बर्थाबाई—"

"काय हो?"

"...चिमटा वर टाकू?"

"टाका की."

त्याने टाकला नाही. रिक्षा फिरून पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आली होती, साडेनऊ टक्के, साडेनऊ टक्के—आणि त्याच्या मनात आलं, एखादी स्कूटर आडवी यावी, पंक्चर व्हावं, काहीही व्हावं, पण ही रिक्षा इथेच, बर्थाच्या गॅलरीखाली अडकावी आणि अटी तिच्या कानावर पडाव्यात, कॅसेटमधल्या त्या बाईच्या आवाजात, आपल्या तोंडून नको... आणि या इच्छेची त्याला इतकी किळस आली, की अख्ख्या गल्लीत तुच्छ वाटायला आता दुसरं कोणी उरलंच नाही.