नदीतले तीन खांब

“तुझी छत्री फोटोत येतेय. जरा मागे हो ना.”

“अजून किती मागे होऊ? आता थेट माहेरीच जाऊन उभी राहते,” असं म्हणत बायकोनं छत्री मिटली आणि काट्याकुट्यांतून बाजूला झाली.

पंपमिस्त्रीनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. कोरड्या नदीच्या पात्रात पुलाचे तीन खांब उभे होते. पूल कधी झालाच नाही. लोकांना तो पैशांचा चुराडा वाटे. मिस्त्रीला मात्र कुणीतरी मन लावून घडवलेल्या मूर्ती दिसत.

आडवाटेच्या गावांतले पंप दुरुस्त करत त्यानं एकवीस वर्षं काढली होती. वाटेत बंद भट्टीचं धुराडं लागे, गंजलेली टाकी लागे, खाणीतला लोखंडी सांगाडा लागे. प्रत्येकाचा फोटो तो समोरून आणि ढगाळ उजेडातच काढी. ढग आले नाहीत, तर पुन्हा जाई. बायको त्याच्या या नादावर हसायची, पण डबा बांधून बरोबर यायची.

निवृत्तीनंतर तिच्याच आग्रहानं तो चाळीस फोटो घेऊन शहरातल्या कलादालनात गेला. तिथल्या बाईंनी एकेक फोटो सावकाश पाहिला.

“काका, ही तर शिल्पं आहेत.”

मिस्त्रीनं तो शब्द स्वतःशी पुन्हा म्हटला. एकवीस वर्षांत त्याला हा शब्द सापडला नव्हता.

मग बाईंनी कपाटातून एक जाडजूड परदेशी पुस्तक काढलं. पहिल्या पानावर धुराडं. पुढं टाकी. समोरून, ढगाळ उजेडात.

“हे कधीचं?”

“तुमच्या बरंच आधीचं. तुम्ही हे पाहिलं नव्हतं, ते कळतंय मला. पण लोक नक्कलच म्हणतील हो.”

मिस्त्रीनं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. “फार नीट केलंय,” तो म्हणाला, आणि तेही मनापासून.

घरी बायकोनं त्याला दारातच गाठलं. “काय म्हणाले?”

“चांगले आहेत म्हणाले.”

“मग लावणार कधी? माझी ताई रजा काढून येणार आहे बघायला.”

मिस्त्री बुटाची गाठ सोडवत बसला. गाठ सुटेना.

“लावणार नाहीत. कुणीतरी आधीच काढलेत.”

“आपल्या नदीतले?”

“नाही गं. तिकडचे. पण हेच.”

बायकोला यातलं काही उमगलं नाही. त्याचा चेहरा तेवढा उमगला. ती खाली बसली आणि तिनं गाठ सोडवली. मग दुसऱ्या बुटाचीही सोडवली, जी त्याला सोडवता आली असती.

नंतर तिनं फोन लावला. मिस्त्री अनवाणी पायांनी तिथंच बसून ऐकत होता.

“ताई, रजा टाकू नकोस गं,” ती म्हणाली. मग पलीकडचं ऐकून, “नाही नाही, तब्येत बरी आहे त्यांची.”