निळ्या क्रेटचा वाटा

फोटोवरून एक्स्पोर्टची द्राक्षं ओळखणारं न्यूरल नेटवर्क वैष्णवीनं बनवलं आणि सिन्नरच्या पॅकहाउसनं माल निवडणाऱ्या लंकाबाईंना घरी बसवलं. यंत्र नेमकं कशावरून ठरवतं, असं गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा वैष्णवीनं गेम थिअरी लावली. फोटोतला प्रत्येक भाग म्हणजे एक खेळाडू. त्याला संघाबाहेर काढायचं आणि निकाल किती बिघडतो ते पाहायचं. द्राक्षं काढली तरी निकाल हलला नाही. क्रेट काढताच कोसळला. मेल्या यंत्राला द्राक्षांतलं ओ का ठो कळत नव्हतं! लंकाबाई चांगला माल निळ्या क्रेटमध्ये भरायच्या, तेवढंच ते जुन्या फोटोंवरून शिकलं होतं.

"लंकाबाईंना परत बोलवा," ती मालकांना म्हणाली.

"कशाला?" मालक हसले. "सगळाच माल निळ्या क्रेटमध्ये भरा."